जीपला भरलेले कापरे

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या दुखण्यावर लिहावे, म्हणजे वैद्याने वकिलीवर बोलण्यासारखे आहे, हे मला कबूल आहे. पण गेल्या भाऊबीजेला जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आणि दिवाळीत जीपगाड्या घेऊन घाटरस्त्याला लागणारी मंडळी आपल्या वाचकांत थोडीथोडकी नसावीत.

आमच्या पुतण्याने एक जुनी जीप घेतली आहे. पुढचा ॲक्सल अखंड, त्यावर पाट्यांच्या स्प्रिंगा. होती तशी ती बरी होती; पण चिरंजीवांना ती उंच हवी होती. लांब शॅकल आले, मोठाले टायर आले, आणि गाडी ४ इंच वर गेली. तिच्यात चढायला आमच्या मंडळींना स्टूल लागू लागले.

कऱ्हाडहून चिपळूणला बहिणीकडे निघालो होतो. पाटण मागे पडले. वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. एका मोरीपाशी डावे चाक खड्ड्यात आपटले आणि स्टीअरिंग पुतण्याच्या हातात डावी-उजवीकडे हिसके खाऊ लागले. खड्डा मागे गेला, पण कापरे थांबेना. समोरून एस. टी. येत होती. नशीब असे, की पोराने जोरात ब्रेक मारला नाही. स्टीअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडला. वेग पुरता उतरला तेव्हा कुठे गाडी शांत झाली. मागच्या बाकावर ओवाळणीचे ताट मांडीवर घेऊन बसलेली ही बराच वेळ बोललीच नाही.

“काका, स्टीअरिंगचा डँपर गेला असेल. नवा टाकला की झालं,” पुतण्या म्हणाला.

हळूहळू पाटणला परतलो. एक म्हातारे मिस्त्री सणाचा दिवस असूनही आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सर, गाडी थरथरते, एका बाजूला ओढते, की डगमगते?”

मी मघापासून हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत होतो! मिस्त्रींनी फरक सांगितला. गुळगुळीत रस्त्यावर ठराविक वेगाला थरथरते, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. एका बाजूला ओढते, तर हवा आणि ब्रेक पाहावेत. पण खड्डा लागताच सुरू होते आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाही, तर कुठेतरी सांधा सैल आहे.

मग जॅक लावून, खाली घोडी ठेवून, त्यांनी चाक वर-खाली धरून हलवले. ते हलले. पुतण्याला ब्रेक दाबून धरायला सांगितले, तरीही हलले. “ब्रेक दाबल्यावर थांबलं असतं तर बेअरिंग. हे किंगपिन.” नंतर चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले, तो टायरॉडच्या टोकांचा तपास. शेवटी गाडी जमिनीवर टेकवली, पुतण्याला स्टीअरिंग थोडेथोडे फिरवायला लावले आणि खाली शिरून प्रत्येक सांध्यावर हात ठेवला. ड्रॅग लिंकचे एक टोक हाताखाली कट्कट् करत होते. शॅकलचे बुशही झिजले होते.

“पण उंची वाढवण्याआधी असं होत नव्हतं,” पुतण्या म्हणाला.

“तेव्हा कल बरोबर होता,” मिस्त्री म्हणाले. किंगपिन किंचित मागे कललेली असते. त्या कलाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळेच चाक वळल्यावर आपण होऊन सरळ होते. लांब शॅकलने ॲक्सल फिरला, कल कमी झाला, चाकाला सरळ राहण्याची ओढ उरली नाही. त्यात ड्रॅग लिंक तिरपी झाली, म्हणून प्रत्येक उसळीला स्टीअरिंगला झटका. जड टायरांनी सैल सांध्यांवरचा भार वाढवला, तो निराळाच.

“आणि डँपर?”

“तो टाकला असता तर कापरं चार महिने दबलं असतं. सांधा मात्र झिजतच राहिला असता, आणि मग घाटात एकदम सुटला असता.”

रोग दडवणाऱ्या औषधाइतके घातक औषध नाही, हे मला त्या दिवशी पटले. कल परत आणायला ॲक्सलवर पाचरी बसवता येतात. पण पुतण्याने मूळ शॅकल आणि मूळ मापाचे टायरच पुन्हा लावले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही असले परस्पर बदल करू देत नाही, हे त्याला मागाहून कळले. झिजलेले सांधे बदलले, टो-इन तपासून घेतले. डँपर होता तोच राहिला, आणि कापरे गेले.

आम्ही एस. टी.ने दुसऱ्या दिवशी चिपळूणला पोहोचलो. बहीण उशिराबद्दल रागावली नाही. ओवाळताना तिचाच हात थरथरत होता. हो, थरथरतच होता. शब्द मी विचार करून लिहिला आहे.