रात्रपाळीचा जबडा
मेव्हण्यानं या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडून डबीतून एक पारदर्शक पट्टी आणली आणि घरात चर्चेला ऊत आला. त्याच्या आईचं निदान पक्कं: झोपेत दात खातोय ना, मग जंत झालेत, वावडिंग द्या. पंचेचाळिशीच्या माणसाला! या वयात खापर फोडायचं तर ताणावर, मोडक्या झोपेवर, रात्रीच्या पेल्यावर फोडावं. पट्टीनं दात खाणं थांबत नाही, हेही सांगून टाकतो. दातांचं माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकची बनवलेली ही पट्टी वरच्या दातांवर बसते. खालचे सगळे दात तिच्यावर एकदम टेकतात, जोर वाटला जातो आणि झीज होते ती पट्टीची. दाताचं एनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही, पट्टी नवी करता येते. सकाळी कानापुढं ठणकणारा जबडाही अनेकांचा हलका होतो. मेव्हण्याच्या पट्टीवर दाढांच्या जागी आत्ताच चकचकीत ओरखडे दिसताहेत. ऑनलाइन मिळणारी, उकळत्या पाण्यात बुडवून चावायची मऊ पट्टी मात्र घेऊ नका. काही जबडे ती रात्रभर चघळत बसतात. आणि जबडा दुखतो म्हणून कुणी धडधाकट दात घासून ‘चावा जुळवून’ देतो म्हणाला, तर सरळ खुर्चीतून उठा.