'यांच्या निधीतून' : एका षष्ठीविषयी

षष्ठी विभक्ती केवळ मालकी दाखवीत नाही, हे भाषेच्या कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. 'रामाचा भाऊ' म्हणताना राम भावाचा मालक नसतो. परंतु लातूरहून औशाकडे किंवा उदगीरकडे जाताना सभामंडपांवर, प्रवासी निवाऱ्यांवर, उंच दिव्यांच्या खांबांवर जी षष्ठी वाचावयास मिळते, तिथे हा विवेक टिकत नाही. 'मा. खासदार अमुक यांच्या स्थानिक विकास निधीतून' हे शब्द वाचणारा प्रत्येक जण त्यांचा अर्थ मालकीचाच लावतो. गावही पुढे तसेच बोलते: खासदारांनी मंडप दिला, आमदारांनी रस्ता दिला. 'देणे' हे क्रियापद एकदा आले, की घेणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात.

कायद्याची भाषा वेगळी आहे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेत सदस्य फक्त शिफारस करतो; मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. पैसा केंद्राच्या तिजोरीतला, म्हणजे करदात्यांचा. (अर्ज, शिफारस, मंजुरी हे तिन्ही शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. निजामी राजवटीत राहिलेल्या आमच्या प्रदेशाला त्यांचा क्रमही पाठ आहे: आधी अर्ज, मग शिफारस, मग वाट पाहणे.) २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भीमसिंग खटल्यात ही योजना घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला, तोही बहुतांशी या 'शिफारस' शब्दाच्या आधारे. न्यायालयाने शब्द वाचला तो नियमपुस्तिकेतला. गावाने वाचला तो फलकावरचा. आणि फलक लावण्याची सूचना, त्यावर सदस्याचे नाव, खर्च व तारखा कोरण्याची सूचना, नियमावलीतच आहे. मालमत्तेला व्यक्तीचे नाव देऊ नये असेही तीच नियमावली म्हणते. नाव देऊ नये, पण नाव कोरावे! असा बारकावा सरकारी गद्यालाच साधतो.

ही योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी नरसिंह राव यांनी लोकसभेत जाहीर केली. त्या वेळी सभापतींच्या आसनावर लातूरचेच खासदार शिवराज पाटील होते. त्याच वर्षाच्या २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली होती आणि गावचे काम गावाने ठरवावे, ग्रामसभेला घटनेत स्थान असावे, हे देशाने मान्य केले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली. या दोन घटनांनंतर तीनच महिन्यांत स्थानिक काम सुचवण्याचा एक नवा अधिकार दिल्लीतल्या सदस्याच्या हाती आला. ग्रामसभेला जे तत्त्व म्हणून मिळाले होते, ते खासदाराला रक्कम म्हणून मिळाले. दोन्ही एकाच गावात आले, तेव्हा रकमेचा आवाज मोठा ठरला यात नवल नाही.

रक्कम तरी किती? सुरुवातीला पाच लाख, लगेच एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी. लातूर मतदारसंघात नांदेड जिल्ह्यातला लोहा धरून सहा विधानसभा क्षेत्रे आहेत आणि मतदार वीस लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी वर्षाला पंचवीस रुपये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडल्यावर जो प्रश्न उभा राहिला, तो पंचवीस रुपयांत सुटणारा नव्हता, त्याचा दोष या योजनेला देता येणार नाही. मात्र मोठ्या प्रश्नावर मत मागताना प्रतिनिधी आपल्या छोट्या कामांची यादी वाचून दाखवतो, आणि पाण्याचे काय, असे विचारू पाहणाऱ्याला त्या यादीतला स्वतःच्या गल्लीतला रस्ता ऐकू येतो.

योजनेची बाजू घेणारे म्हणतात की ओढ्यावरची फरशी, शाळेची एक खोली, स्मशानभूमीचे शेड अशी कामे कोणत्याच मोठ्या योजनेत बसत नाहीत, आणि कचेरीच्या वाटेने गेले तर वर्षे लागतात. हे खरे आहे. मराठवाड्यात तर फारच खरे आहे. पण कचेरीची वाट लांब आहे म्हणून आमदार-खासदाराच्या वाड्याची वाट जवळ करणे हा उपाय कचेरी सुधारण्याची गरजच संपवतो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये हे निधी बंद करण्याची शिफारस केली. ही शिफारस मात्र मंजुरीपर्यंत पोचली नाही. उलट महाराष्ट्रात आमदारांचा निधी २०२२ मध्ये पाच कोटींवर गेला.

आता आमच्या, म्हणजे पुस्तकवाल्यांच्या, अंगणाविषयी. या निधीतून टिकाऊ मालमत्ता उभी करता येते, आवर्ती खर्च करता येत नाही. म्हणून ग्रंथालयाची इमारत होऊ शकते, ग्रंथपालाचा पगार होऊ शकत नाही. तो १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या तुटपुंज्या अनुदानातून भागवायचा. तरीही आम्ही साहित्यातली माणसे अर्ज घेऊन जातो तो सभागृहासाठी, आणि उद्घाटनाच्या पत्रिकेत 'यांच्या शुभहस्ते' लिहिताना शुद्धलेखन तपासून देतो. संमेलनाच्या मांडवात राजकारण्यांनी कुठे बसावे यावर आमच्यात हिरिरीने वाद होतात. तालुक्याचे वाचनालय दिवसातून किती तास उघडे असते, यावर तेवढा वाद झालेला आम्ही ऐकलेला नाही.

६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने महासाथीचे कारण देऊन खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. ज्या पैशावर इतकी वर्षे 'यांच्या' असे कोरले गेले, तो एका बैठकीत काढून घेता आला. व्याकरणाचा निकाल तिथेच लागला होता. फलक मात्र कोणी बदलले नाहीत.

निधी राहणारच असेल तर फलकाचा मजकूर तरी बदलावा, एवढी आमची मागणी आहे. सदस्याच्या नावाच्या जागी, हे काम कोणत्या गावाच्या ग्रामसभेने, कोणत्या तारखेच्या ठरावाने मागितले ते कोरावे. ठराव झालाच नसेल, तर ती ओळ कोरी ठेवावी.