पर्यावरण-प्रतिनिधीचे कर्तव्य

विद्यापीठात विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला पर्यावरण-प्रतिनिधी म्हणजे रोपे लावणारा उत्साही तरुण, अशी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. निवडून येताच त्याला हिशेब मागण्याचा अधिकार प्राप्त होतो. अमेरिकेतील हार्वर्डमध्ये २०१२ साली पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मतदानात ७२ टक्के मते कोळसा-तेल कंपन्यांतील विद्यापीठाची गुंतवणूक काढून घेण्याच्या बाजूने पडली. २०१३ साली चालकांनी नकार दिला. २०२१ साली मात्र ही गुंतवणूक संपवीत असल्याचे जाहीर केले. विद्यार्थी बदलले, मागणी टिकली. आपली मुले-मुली हे पद स्वीकारतील तेव्हा त्यांनी मागणीची लेखी नोंद ठेवून ती पुढील प्रतिनिधीच्या हाती द्यावी. आवारातील कचरा उचलणाऱ्या कामगाराचे गाऱ्हाणेही सभेत मांडावे. ज्याला मत नाही, त्याचीही बाजू मांडणारा तोच खरा प्रतिनिधी होय.