ओलीस सोडवण्याचा खेळ मुलांच्या हाती द्यावा का?

शेकडो जुने व्हिडिओ खेळ भरलेली स्वस्त यंत्रं आज पुन्हा मुलांच्या हाती आली आहेत. नव्वदच्या दशकात कॅसेट फुंकून खेळणारी पिढी आता पुण्याच्या धायरीत आई-बाबा झाली आहे. हे खेळ मुलांना द्यायचे का, हा निर्णय त्यांनाच घ्यायचा आहे.

उदाहरणादाखल फ्रान्सच्या इन्फोग्राम्सचा १९८८ सालचा ‘होस्टेजेस’ घेऊ. निन्टेन्डोवर तो ‘रेस्क्यू : द एम्बसी मिशन’ या नावाने आला. दहशतवाद्यांनी दूतावास ताब्यात घेतलेला आहे. नेमबाजांनी प्रकाशझोत चुकवत मोक्याच्या जागा गाठायच्या, कमांडोंनी गच्चीवरून दोराने उतरून खिडकीतून आत शिरायचं आणि ओलिसांना सोडवायचं.

खेळाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. दिसेल त्याला गोळी घालून इथे भागत नाही. थांबावं लागतं, हेरावं लागतं. मध्येच जाहिरात येत नाही, पैसे मागितले जात नाहीत आणि खेळ कधीतरी संपतो. आजच्या कित्येक मोबाइल खेळांबद्दल असं म्हणता येणार नाही.

आक्षेपही तितकाच खरा आहे. २८ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत दहशतवाद्यांनी ताब्यात घेतलेल्या नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो दोराने उतरले, ते देशाने टीव्हीवर थेट पाहिलं. त्या कारवाईत एनएसजीचे हवालदार गजेंद्र सिंह शहीद झाले. तिथे ओलीस असलेले रब्बी गॅव्हरिएल आणि त्यांची पत्नी रिव्का होल्त्झबर्ग वाचले नाहीत. त्यांचा जेमतेम दोन वर्षांचा मुलगा मोशे वाचला तो आदल्या दिवशीच, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांच्या हिमतीमुळे. त्यांच्या हाती शस्त्र नव्हतं. असं धैर्य या खेळात कुठेच दिसत नाही. तिथे मेलेला कमांडो पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो, आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप त्या ओलिसांना ना नाव, ना घर.

म्हणून बंदी घालावी का? मला तसं वाटत नाही. धायरीच्या मुलांना सिंहगड जवळचा आहे. फेब्रुवारी १६७० मधल्या एका रात्री तानाजींबरोबर मावळे कडा चढून गेले, ही गोष्ट आपण त्यांना लहानपणीच सांगतो. त्यात तलवारी आहेत, रक्त आहे. तरी ती आपण लपवत नाही. कारण गड आला हे सांगताना तानाजी पडले हेही आपण सांगतो. पराक्रमाची किंमत कळली की मूल नुसत्या मारामारीत रमत नाही.

हाच नियम या खेळालाही लावावा. अगदी लहान मुलांना तो देऊ नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यावा, पण पहिले काही डाव मोठ्यांनी शेजारी बसून खेळावेत. ओलीस म्हणजे कोण, कारवाईआधी बोलणी का करतात, सँड्रा सॅम्युअल यांनी काय केलं, हे त्याच बैठकीत सांगावं. एवढा वेळ काढणं जमणार नसेल, तर हा खेळ तूर्त घरात आणू नये.