चौथ्या इंजेक्शनची मंजुरी

आपल्या देशातील अंधत्व निवारणाचे कार्य प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर उभे राहिले. १९७६ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ते योग्यही होते. मोतीबिंदू हेच अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण होते आणि त्याचा उपाय एका शस्त्रक्रियेत होत असे. उद्दिष्ट ठरवावे, शिबिर भरवावे, वर्षअखेरीस अहवाल पाठवावा, अशी ती सुटसुटीत पद्धत. २०१७ साली कार्यक्रमाच्या नावात अंधत्वाच्या जोडीला दृष्टिक्षीणताही आली. मोजण्याची आपली सवय मात्र फारशी बदलली नाही, असे मला वाटते. या सवयीत न बसणाऱ्या एका आजाराविषयी आज लिहीत आहे.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही बारीक कामे त्याच्या बळावर चालतात. उतारवयात त्याचा ऱ्हास होतो. त्याच्या कोरड्या प्रकारात दृष्टी सहसा हळूहळू, वर्षानुवर्षे मंदावते. ओल्या प्रकारात पटलाखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून द्रव व रक्त झिरपते आणि काही आठवड्यांतच मधली दृष्टी जाऊ शकते. दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागणे हे त्याचे नेहमीचे पहिले लक्षण होय. दोन्ही डोळे उघडे असता ते जाणवत नाही. एकेक डोळा झाकून पाहिल्यास ध्यानात येते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीपर्यंत या रुग्णांसाठी फारसे काही करता येत नसे. मग रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणाऱ्या प्रथिनाला रोखणारी औषधे आली. ती थेट डोळ्यात टोचावी लागतात. प्रारंभी साधारणतः दरमहा एक याप्रमाणे तीन इंजेक्शने देतात. पुढे ओसीटी तपासणीत द्रव दिसतो की नाही हे पाहून अंतर ठरवतात. हे उपचार अनेकदा वर्षानुवर्षे चालतात. काहींची दृष्टी सुधारते. पुष्कळांच्या बाबतीत आहे ती टिकणे हेच यश असते.

माझे एक मामा निवृत्तीनंतर मध्य प्रदेशात स्थायिक झाले. त्यांना हा आजार जडला, निदान वेळेवर झाले, तीन इंजेक्शनांनी वर्तमानपत्र पुन्हा वाचता येऊ लागले. ज्या योजनेतून खर्च मिळत होता तिच्यात प्रत्येक इंजेक्शनासाठी स्वतंत्र पूर्वमंजुरी लागे. चौथ्याच्या वेळी कागद परत आला. शेरा होता : ‘रुग्णास सुधारणा झाली असता पुनश्च उपचाराची आवश्यकता स्पष्ट करावी.’ स्पष्टीकरण जाऊन मंजुरी येईपर्यंत दहा आठवडे लोटले. दरम्यान डोळ्यात रक्तस्राव झाला. आता मामी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात.

तो शेरा लिहिणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. प्रशासनात इतकी वर्षे काढल्यावर त्याची भाषा मला चांगलीच ओळखीची आहे. सुधारणा झाली म्हणजे काम संपले, हे गृहीतक मोतीबिंदूच्या हिशेबातून आले आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ते टिकत नाही. चौथे इंजेक्शन वेळेवर न दिल्यास पहिल्या तिघांचा खर्चही बहुतांशी बुडीत खाती जातो. वाचलेली रक्कम एका इंजेक्शनाची, बुडालेली तिघांची आणि वर एक डोळा.

यावर वित्त विभागाचा आक्षेप असा की, खर्चाला अंतच राहणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण उत्तरही आहे. कर्करोगासाठी तयार झालेले बेव्हॅसिझुमॅब हे औषध लहान मात्रेत डोळ्यासाठी वापरले असता दृष्टी टिकवण्यात महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरते, हे अमेरिकेच्या सरकारी संस्थेने खर्च उचललेल्या चाचणीत २०११ साली दिसून आले. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने नेत्रोपचारासाठी त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. एका कुपीतून अनेक रुग्णांच्या मात्रा निघतात. स्वस्ताईचे रहस्य तेच आणि धोकाही तोच, कारण वाटणी निर्जंतुक न झाल्यास अनेकांचे डोळे एकाच दिवशी जाऊ शकतात. २०१६ च्या आरंभी गुजरातेतील दुर्घटनेनंतर औषध महानियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा दिला आणि नेत्रतज्ज्ञांच्या निवेदनांनंतर त्याच वर्षी तो मागेही घेतला. मनाई आणि मोकळीक यांच्या मधला मार्ग, म्हणजे मान्यताप्राप्त निर्जंतुक केंद्रांतून मात्रा भरून देण्याची व्यवस्था, प्रत्येक राज्यात असावयास हवी. शिवाय २०१५ पासून रॅनिबिझुमॅबची भारतीय जैवसदृश आवृत्तीही उपलब्ध आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मंजुरी इंजेक्शनागणिक न देता वर्षभराच्या उपचारक्रमाला द्यावी. गैरवापर टाळण्यासाठी ओसीटीचा अहवाल प्रत्येक वेळी जोडला जातोच. त्याची तपासणी नंतर करावी, डोळा वाट पाहत असताना नव्हे. आणि अहवालात ‘किती इंजेक्शने दिली’ या रकान्याशेजारी ‘वर्षानंतर किती रुग्ण उपचारात टिकले’ हा रकाना असावा. विमा नियामकाने २०१९ साली डोळ्यातील इंजेक्शनांना विमासंरक्षणातून वगळता येऊ नये अशा आधुनिक उपचारांच्या यादीत घेतले. तथापि विमा कंपन्यांना उपमर्यादा ठेवण्याची मुभा आहे, हे पॉलिसी घेताना पाहावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना आणखी एक सांगावेसे वाटते. भोपाळ, बडोदा, हैदराबाद येथे आपल्या पिढीतील अनेक घरांत आता दोघेच वृद्ध उरले आहेत, मुले दूरदेशी. या इंजेक्शनानंतर स्वतः वाहन चालवत घरी येता येत नाही. सोबतीला माणूस लागतो, तोही महिन्यामागून महिना. औषधाचे पैसे मुले पाठवतात, सोबत पाठवता येत नाही. आपल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीइतक्याच निगुतीने अशा सोबतीची पाळी लावली, तर कोणत्याही शासकीय मंजुरीविना काही डोळे वाचतील.