कायदा आणि कुटुंब : कार्ड पतीने काढले, कर्ज कोणाचे?

वडसा असो, मूल असो वा अहेरी, आपल्या व्यापारी घरांत कागदपत्रांची तिजोरी बहुधा एकच असते. दुकानाच्या वह्या, धानाच्या पावत्या आणि सर्वांची आधार-पॅन कार्डे एकाच कप्प्यात. हंगाम बुडाला, देणी थकली आणि पतीने तेच कागद वापरून, खोटी सही करून, पत्नीच्या नावे क्रेडिट कार्ड काढले, तर वसुलीचा फोन मात्र तिला येतो. लोकलाजेस्तव ती दागिने गहाण ठेवते आणि गप्प राहते. इथेच तिची चूक होते.

आपल्या कायद्यात केवळ विवाहामुळे एकाचे कर्ज दुसऱ्याचे होत नाही. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार स्त्रीची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते. स्त्रीधनाविषयी सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ मध्ये हेच सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे स्पष्ट संमतीवाचून दिलेल्या कार्डाच्या गैरवापराचे नुकसान कार्ड देणाऱ्या बँकेचे असते. मी अर्ज केला नाही, सही माझी नाही, असे सांगणाऱ्या स्त्रीला हा आधार आहे.

मात्र काही प्रसंगी जबाबदारी टळत नाही. तिच्या मुख्य कार्डावर पतीला जोडकार्ड दिले असेल, ती कर्जाला जामीन असेल किंवा पेढीच्या कर्जात भागीदार असेल, तर देणे तिचेही आहे. गुप्त क्रमांक पतीला सांगणेही महागात पडते. बेंगळुरूच्या एका महिलेने २०१३ मध्ये पतीला एटीएम कार्ड व पिन देऊन २५,००० रुपये काढण्यास पाठविले. रक्कम यंत्रातून आली नाही, तरी ग्राहक मंचाने २०१८ मध्ये निकाल बँकेच्या बाजूने दिला. पिन दुसऱ्याला, मग तो पती का असेना, देणे हा नियमभंग ठरला.

म्हणून फसवणूक कळताच त्याच दिवशी बँकेस लेखी कळवावे, कार्ड बंद करवावे आणि पोच घ्यावी. विचार न करता हप्ता भरू नये. ते कर्ज मान्य केल्याचे चिन्ह मानले जाऊ शकते. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. चंद्रपूर व गडचिरोली येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. सिबिलसारख्या संस्थेकडील चुकीच्या नोंदीवरही हरकत घ्यावी.

खरी कसोटी पुढे आहे. बँक विचारील, ‘मग सही कोणी केली?’ बहुधा पोलीस तक्रारीची प्रतही मागेल. दुसऱ्याची ओळख कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पतीचे नाव घेताना तिचा हात थरथरणारच. घरातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी तिला गप्प बसवू नये. पतीने चूक लेखी मान्य करून देणे स्वतःच्या नावे फेडावे, हे त्यांनी पाहावे. न दिलेले घेणे हे अदत्तादान. ते घरातल्या घरात घडले म्हणून निर्दोष ठरत नाही.

या आठवड्यात एक काम करावे. घरातील प्रत्येक स्त्रीने स्वतःचा पतअहवाल पाहावा. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. आपल्या नावे काय आहे हे जाणणे म्हणजे अविश्वास नव्हे.