छान आहे, पण काय छान आहे?

दिवाळीचे चार दिवस म्हणजे हौशी फोटोग्राफरांची सुगी. आकाशकंदील, पणत्यांची रांग, उंबऱ्यापुढची रांगोळी, उटणे डोळ्यांत गेल्यामुळे भोकाड पसरलेले पोर. विषय हात जोडून समोर उभे असतात. भाऊबीज आटोपली की दुसरा हंगाम सुरू होतो, तो फोटो दाखवण्याचा. पाहुणा चिवड्याची बशी मांडीवर ठेवतो, एकेक फोटो हातात घेतो, "वा! छान आहे हं!" म्हणतो आणि पुढचा उचलतो. दाखवणाऱ्याचा चेहरा खुलतो. पण पाहुणे गेल्यावर, बशा उचलता उचलता, तो स्वतःलाच विचारतो, ‘छान खरे, पण काय छान?’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळत नाही, कारण ते पाहुण्याजवळही नव्हते.

रंगीत फोटोवाल्यांचे एक वेळ निभते. पाहणाऱ्याला काहीच सुचले नाही तरी ‘रंग काय सुरेख आलेत!’ एवढे तरी म्हणता येते. मला आज बोलायचे आहे ते काळ्यापांढऱ्या फोटोच्या नादी लागलेल्या मंडळींविषयी. ही जमात अजून आहे बरे का! कोणी न्हाणीघराच्या झरोक्याला काळे कापड लावून स्वतः फिल्म धुतो. कोणी आजच्या कॅमेऱ्यातूनच चित्रातला रंग काढून टाकतो. दोघांचा रोग एकच. ह्यांचा फोटो हाती आला की पाहुणा गोंधळतो. मग तो म्हणतो, "जुन्या काळची आठवण झाली!" आता ही स्तुती फोटोची की पाहुण्याच्या बालपणाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खरे पाहता काळ्यापांढऱ्या चित्राविषयी नेमके बोलणे सोपे असायला हवे. एक उदाहरण देतो. अंगणातल्या जास्वंदीचा फोटो काढा. डोळ्यांना लाल फूल हिरव्या पानांतून कसे उठून दिसते! पण साध्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर तो लाल आणि तो हिरवा जवळजवळ एकाच राखाडी छटेचे होऊन बसतात आणि फूल पानांत बुडून जाते. भिंगापुढे लाल काच धरली तर फूल उजळते आणि पाने काळवंडतात. हिरवी काच धरली तर उलटे होते. म्हणजे ‘तुमचे फूल पानांत हरवले’ एवढे चार शब्द कोणी बोलला, तरी पुढच्या रविवारी काय करायचे ते समजले. ‘छान’ ऐकून रविवारी काय करणार? ‘भिकार’ ऐकूनही काही करता येत नाही, हे भिकार म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

आपली चित्रे एकमेकांपुढे मांडण्याची ओढ ह्या हौशीइतकीच जुनी आहे. १८५३ साली लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत तशीच संस्था उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि स्वतः जाणते फोटोग्राफर होते. पुढे स्पर्धा आल्या, प्रदर्शने आली, परीक्षक आले. परीक्षकाविषयी माझी तक्रार नाही. त्याच्यापुढे फोटोंचा ढीग असतो. त्याने निवड करायची आणि मोकळे व्हायचे. पण चारचौघांत बसलेला मित्रही परीक्षकाचा आव आणू लागला की पंचाईत होते. गुण देणे हे मित्राचे काम नव्हे.

विलायतेतल्या हौशी मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यावर एक नामी तोड काढली. गावोगावी विखुरलेले काही सभासद मिळून एक पेटी टपालाने फिरवीत. प्रत्येकाने पेटीत आपला एक फोटो आणि त्यासोबत एक कोरा कागद ठेवायचा. पेटी ज्याच्या घरी येईल त्याने बाकीच्यांचे फोटो सावकाश पाहून त्यांच्या त्यांच्या कागदावर अभिप्राय लिहायचा आणि पेटी पुढच्या गावी रवाना करायची. फेरा पुरा होऊन ती आपल्या दारी परत आली, की आपला जुना फोटो अभिप्रायांसकट काढून घ्यायचा आणि नवा ठेवायचा.

ह्या पेटीचे मला फार कौतुक वाटते. एक तर लिहिणाऱ्याच्या हाती एक अख्खी संध्याकाळ असे. तोंडाने ‘छान’ म्हणणे सोपे. कागदावर ‘छान’ एवढेच लिहिलेले बरे दिसत नाही, पुढचे चार शब्द लिहावेच लागतात. शिवाय खाली सही करायची असल्यामुळे ‘भिकार’ लिहिण्याचाही धीर होत नाही. दोष एवढाच, की पहिल्याने ‘आभाळ फिके पडले आहे’ असे लिहिले की पुढच्या सगळ्यांना आभाळ फिकेच दिसू लागते. म्हणून अशा वेळी आधी आपले लिहावे, दुसऱ्याचे मागाहून वाचावे. समोरासमोर बसणाऱ्यांनीही, जो सर्वांत कमी बोलतो त्याला आधी बोलू द्यावे. मोठ्या आवाजाच्या गृहस्थाने तोंड उघडल्यावर बाकीचे फक्त माना डोलावतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या माहितीतल्या आठदहा जणांचे असेच एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, चहा शेवटी. एका बैठकीला बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी त्यांच्या पत्नीचा फोटो आणला. स्वयंपाकघरात खिडकीशी बसून बाई मेथी निवडीत आहेत, एवढाच विषय. एकजण "वा!" म्हणाला. दुसऱ्याने पुस्तके फार वाचलेली, तो म्हणाला, "माणूस मध्यभागी घ्यायचाच नसतो. दोन पावले डावीकडे सरकून घ्यायला हवा होता." गृहस्थांनी मान हलवली. मंडळात एक तरुण मुलगी आहे, नोकरी सांभाळून फोटो काढते. ती बराच वेळ फोटो हातात धरून बसली होती. ती म्हणाली, "काका, मला आधी खिडकी दिसली, मग त्यांचे हात दिसले, आणि चेहरा सगळ्यांच्या शेवटी. खिडकी अगदी कोऱ्या कागदासारखी पांढरी आहे, त्यामुळे नजर तिकडेच पळते. तुम्हाला आधी काय दिसायला हवं होतं?"

काका म्हणाले, "चेहरा."

"मग तो त्या सावलीत आहे, काका. नीट पाहिलं तर सगळा आहे."

पुढच्या बैठकीला त्यांनी तोच फोटो पुन्हा छापून आणला. एन्लार्जरखाली बाकीचा कागद हातांनी झाकून खिडकीच्या जागेला जादा उजेड दिला होता, तशा खिडकीच्या गजांच्या रेघा उमटल्या होत्या. तारेला पुठ्ठ्याची चकती लावून तिची सावली चेहऱ्यावर धरली होती, त्यामुळे चेहरा उजळला होता. हातातली मेथीची काडी मागे सरली होती आणि बाई किंचित हसत आहेत हे आम्हा सर्वांना प्रथमच दिसले. तेव्हा त्यांनी सांगितले, की पत्नीला जाऊन पाच महिने झाले. हा तिचा शेवटचा फोटो.

ह्यावर मंडळात पुष्कळ कुजबुज झाली. हे त्यांनी आधी सांगायला हवे होते, असे काहींचे मत पडले. मला तसे वाटत नाही. आधी सांगते तर ‘वा!’पलीकडे कोणाची जीभ उचलली नसती, आणि चेहरा सावलीतच राहिला असता. दोन पावले डावीकडे सरकण्याचा सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबरही असेल. पण आता कोण सरकणार, आणि खिडकीशी कोण बसणार? मुलीने सांगितले ते मात्र त्या रात्री करता येण्याजोगे होते. घडून गेलेल्या क्षणाबद्दल फोटोग्राफरला बोल लावून काय हाती येते? अजून जे त्याच्या हातात आहे त्याकडे बोट दाखवावे, आणि काळ्यापांढऱ्या फोटोत पुष्कळच हातात राहिलेले असते.

किती, ह्याचा दाखला अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स यांच्या प्रसिद्ध चित्रात सापडतो. १९४१ सालची गोष्ट. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून संध्याकाळी मोटारीने जाताना त्यांना दिसले, की चंद्र वर आला आहे आणि कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचा शेवटचा उजेड पडला आहे. गडबडीत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची प्रखरता किती असते हे त्यांना पाठ होते. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेणार, तोवर क्रुसांवरचे ऊन गेले होते. तो क्षण संपला. पण काम संपले नाही. सुरुवातीच्या प्रिंटांत वरच्या आभाळात ढगांच्या फिकट रेघा दिसतात. १९४८ साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो अधिक ठसठशीत केला आणि पुढे वर्षानुवर्षे आभाळ गडद गडद करीत जवळजवळ काळेभोर केले. तरुणपणी ते पियानोवादक व्हायला निघाले होते; निगेटिव्ह म्हणजे लिहिलेले संगीत आणि प्रिंट म्हणजे त्याचे वादन, असे ते मानीत. आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजावून सांगायला नको. बंदिश तीच, मैफल दर वेळी निराळी.

कडा कापण्याविषयी मात्र भांडणे होतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा कापाकापीला कडवा विरोध होता, हे ऐकवून काही मंडळी आपल्या चित्रातला अर्धा विजेचा खांब तसाच राखतात. पॅरिसमध्ये पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ सालचे जगप्रसिद्ध चित्र कापलेलेच आहे. कुंपणाच्या फटीतून ते घेतले होते आणि भिंगापुढे फळी आली होती. पण सूचना करणाऱ्याने ‘इथून कापा’ असा हुकूम सोडू नये. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे जवळ बाळगावेत, ते फोटोवर ठेवून हलवावेत आणि दाखवावे. पाहून ज्याचे त्याला कळते, आणि न पटले तर पुठ्ठे उचलता येतात. कात्री लावलेला फोटो पुन्हा जोडता येत नाही.

आता ऐकून घेणाऱ्याविषयी. त्याने पहिली पाच मिनिटे गप्प बसावे. हे फार अवघड आहे. ‘त्या दिवशी पाऊस होता’, ‘मागून ट्रक येत होता’, ‘कॅमेरा भावाचा होता’ ही कैफियत फोटोत उमटत नाही, आणि पुढे फोटो भिंतीवर लागेल तेव्हा ती सांगायला फोटोग्राफर काही शेजारी उभा राहणार नाही. सगळ्यांचे ऐकावे, पण सगळ्यांचे करू नये. पाचजणांनी पाच जागा दाखवल्या तर स्वस्थ बसावे. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवले तर ती जागा पुन्हा पाहावी. आणि काही वेळा सर्व मंडळ एकीकडे आणि आपण एकीकडे असलो, तरी आपले चित्र आहे तसे ठेवण्याचा हक्क आपल्याकडे राहतोच. तो वापरताना तोंड वाकडे करू नये, एवढेच.

उजेडाचे एक सांगायला हवे, कारण निम्मी भांडणे त्यावरून होतात. धुतलेला कागद ओला असताना पांढरा उजळ दिसतो. वाळला की थोडा मंदावतो. म्हणून फोटो वाळल्याखेरीज कोणाला दाखवू नये. मिणमिणत्या पिवळ्या दिव्याखाली सावल्यांतले बारकावे गडप होतात. ‘फार काळा झाला’ असे म्हणण्यापूर्वी फोटो खिडकीपाशी नेऊन पाहावा. हल्ली तर एकच चित्र दहाजण दहा मोबाइलवर पाहतात. एकाच्या पडद्याचा उजेड चढवलेला, दुसऱ्याचा उतरवलेला; एकाला काळ्या कोटाच्या घड्या दिसतात, दुसऱ्याला नुसता डांबराचा डाग दिसतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. वर्षातून चार फोटो का होईना, कागदावर छापून घ्यावेत आणि एकाच टेबलाभोवती बसून पाहावेत. ह्या दिवाळीत पणतीचा फोटो काढाल त्याच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. ज्योत पांढरीफटक आणि भोवती मिट्ट काळोख, असाच तो बहुधा येईल. मातीच्या पणतीची कड दिसते का, हे आधी कोणाला तरी विचारा.

आणि अभिप्राय फोटोच्या मागे लिहायचाच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता लिहा. दाबून लिहिले तर अक्षरांचा वळ पुढच्या बाजूने उठतो आणि शाई केव्हा पाझरेल सांगता येत नाही. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. त्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहावी आणि ती टाचणीने न टोचता फोटोसोबत पाकिटात ठेवावी.